मागची सायकल

जिन्यावरून बाबा उतरले आणि माझ्या छोट्या लेकीच्या, सियाच्या, तोंडाशी नेलेला चमचा तिथेच थांबला. बाबांनी सायकलची चड्डी घातली होती. काळी, चकचकीत, मांडीला घट्ट चिकटणारी आणि बसायच्या जागी आतून गादी शिवलेली. टीव्हीवर डोंगर चढणाऱ्या सायकलवाल्यांच्या अंगावर ती मी अनेकदा पाहिली होती आणि तेव्हा तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण हे माझे सासरे. डॉक्टर शशिधर, निवृत्त भूलतज्ज्ञ. लग्न होऊन मी पुण्याहून लंडनच्या कडेला, स्टॅनमोरच्या या घरात आले तेव्हापासून त्यांना इस्त्रीच्या पँटशिवाय मी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या झोपण्याच्या सदऱ्यालासुद्धा कॉलर असते. "कशी बसते ते बघायला घातली," ते म्हणाले, कुणाकडेच न बघता. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, किटलीकडे बघितलं. माझा नवरा नील टोस्टकडे बघत राहिला. सियाने मात्र टाळ्या वाजवल्या. आणि सगळे असे आपापल्या वस्तूंकडे बघत असतानाच नील टोस्टला म्हणावं तसं म्हणाला, "कस्तुरी, तू पण जा ना बाबाबरोबर."

जायचं होतं ससेक्सच्या समुद्रकाठी, दीनानाथकाकांच्या टूरला. काका बाबांचे मित्र, बर्मिंगहॅमला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. निवृत्त झाल्यापासून ते दर वर्षी ओळखीच्या मराठी डॉक्टरमंडळींना कुठेतरी हिंडायला नेतात. या खेपेला सायकली. तीन दिवस समुद्राच्या कडेकडेने जायचं, वाटेत द्राक्षांच्या मळ्यांत थांबून वाइन चाखायची, संध्याकाळी एखाद्या जुन्या सराईत उतरायचं. "या देशात टोमॅटो धड पिकत नाहीत, द्राक्षं कुठली?" असं आईंचं मत होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात त्या दिवसांत माझं मत कुणी विचारायचं नाही, आणि ते दुष्टपणाने नव्हे, उलट फार प्रेमाने. मी काहीही केलं तरी आई "असू दे हं, असू दे" म्हणायच्या. दूध उतू गेलं, असू दे. पोळी करपली, असू दे. एकदा मी खरोखरच चांगली आमटी केली, तर तिलाही असू दे. नील इन्शुरन्स कंपनीत धोक्याचे हिशेब करतो. तो माझ्याशी घर जळालेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात बोलायला लागला होता. कारण माहीत होतं मला. सिया झोपली की मी तिच्याजवळ बसायची. तिची छाती वर जायची, खाली यायची, मग एक छोटीशी थांबण्याची जागा यायची, आणि त्या जागेत मी पाय ठेवून उभी असायची, पुढचा श्वास येईपर्यंत. कधी तो जरा उशिरा यायचा. मग मी तिला हलवून उठवायची. ती रडायची, सगळं घर उठायचं, आणि मला गाढ समाधान वाटायचं, की रडतेय म्हणजे आहे. असं फार व्हायला लागलं तेव्हा नीलने हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे घरी येऊन आई-बाळाला बघणाऱ्या सरकारी नर्सला, बोलावलं. त्या बाईने सियाचं वजन केलं, मग मान जराशी तिरकी करून मला विचारलं, "अँड हाउ इज मम्?" ही मम् म्हणजे आपण, हे लक्षात यायला मला वेळ लागला. मी म्हटलं, छान आहे. बाईने मान आणखी तिरकी केली.

म्हणून नीलने मला वॉशिंग मशीनच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, तेव्हा मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. तो इथेच, हॅरोला जन्मलेला. त्याच्या मराठीत वस्तू आपलं लिंग बदलत असतात. "बाबाच्या हार्टमध्ये स्टेंट आहे, यू नो. तो कुणाचं ऐकत नाही. हिल आला की जोर करणार. तू फक्त नजर ठेव. पण त्याला कळू देऊ नको, ओके? इट्स बिटवीन अस." मी विचारलं, "आणि सिया?" तो म्हणाला, "आय हॅव गॉट हर. आई आहे. तुझा झोप पण होईल." झोपेचं मी ऐकलंच नाही. मला ऐकू आलं ते एवढंच की एका माणसाचा जीव माझ्या हवाली होतोय. म्हणजे मी अजून विश्वासाची होते. बाबांना धडधाकट घरी परत आणलं, की आई असू दे म्हणायचं थांबवतील, नील आपल्या नेहमीच्या आवाजात भांडेल, आणि रात्री सियाच्या खोलीत गेले तर पॅसेजमधला दिवा कुणी लावणार नाही. मशीनमध्ये कपडे गरागरा फिरत होते. मी म्हटलं, "जाते."

राय गावाच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा वारा असा होता की दीनानाथकाकांची टोपी त्यांच्याआधी गावात गेली. टूर चालवणारी फिओना नावाची बाई व्हॅनपाशी उभी होती, तिने सगळ्यांना बॅटरीच्या सायकली दिल्या. पॅडल हळूच दाबलं की त्या आपोआप चढ चढतात. मीनलकाकू, म्हणजे दीनानाथकाकांची बायको, बसल्याबरोबर अशी सुटली की तिला हाका मारून परत आणावं लागलं. बाबांनी मात्र साधी सायकल मागितली. "माझ्या छातीत आहे तेवढा धातू पुरे," ते म्हणाले. मग मलाही साधीच घ्यावी लागली. "वा रे वा," दीनानाथकाका म्हणाले, "शशी, सून मोठी सोशिक मिळवलीस. आमची सून आम्हाला टेकडीच्या पायथ्याशी सोडून वर जाऊन कॉफी पिईल." "तुझ्याबरोबर असताना मीही तेच करीन," बाबा म्हणाले. मी हसले, आणि हसताना बाबांच्या ओठांचा रंग पाहून घेतला. बरा होता.

पण सासऱ्यांच्या पुढे सायकल घालावी की मागे, हे मला कुणीच शिकवलेलं नव्हतं. माझ्या आईने मला पुष्कळ शिकवून पाठवलं होतं: वाढताना कुठल्या बाजूने यावं, त्यांच्या मित्रांसमोर किती बोलावं, नवऱ्याला त्यांच्यादेखत कशी हाक मारावी. सायकलचा विषय निघाला नव्हता. पुढे गेले तर मोठ्या माणसाला मागे टाकल्यासारखं होणार, शिवाय माझीही चड्डी तसलीच, आणि वर लांब कुडता घातला तर तो चाकात जातो असं फिओना म्हणाली. मागे राहिले तर समोर सतत ती चकचकीत काळी चड्डी, खालीवर, खालीवर. मी मागे राहिले, कारण पहारेकरी मागेच असतो. फक्त नजर कुठे ठेवायची तो प्रश्न होता. मी ती बाबांच्या खांद्यांवर ठेवली. श्वास खांद्यांत दिसतो. मला श्वास बघायची सवय होती. उजवीकडे समुद्र होता म्हणतात. लोक नंतर त्याचे फोटो दाखवत होते, त्यावरून मला तो कळला. वाळूचे ढिगारे, त्यांवर वाकलेलं गवत, पलीकडे पाण्याची राखाडी पट्टी आणि तिच्यावर पतंग उडवणारे लोक. मी त्याच रस्त्याने गेले होते आणि मला फक्त दोन खांदे आठवत होते, एक उजवा, जो जरा जास्त वर जातो, आणि एक डावा.

पहिल्या मळ्यात आमच्या मंडळींनी घोटाळा केला. लाकडी टेबलावर पेले मांडलेले, प्रत्येकात घोटभर वाइन, आणि मधोमध एक धातूची बादली. मळ्याच्या पोराने समजावून सांगितलं: तोंडात घ्या, घोळवा, आणि बादलीत थुंका. म्हणजे पुढे पुष्कळ प्रकार चाखता येतात आणि सायकलही चालवता येते. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "थुंकायचं?" मीनलकाकू म्हणाली, "ताटातलं टाकू नये म्हणून मुलांना आयुष्यभर बडवलं मी." दीनानाथकाकांनी पेला डाव्या हातात घेऊन उजव्या तळव्यावर चार थेंब ओतले, ते भक्तिभावाने प्यायले, तळवा डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, "आपल्यात तीर्थ थुंकतात का हो?" झालं. मग कुणीच थुंकलं नाही. पांढरी झाली, गुलाबी झाली, बुडबुड्यांची झाली. प्रत्येक वेळी पोरगा बादलीकडे बोट दाखवायचा आणि आमचे निवृत्त डॉक्टर मोठ्या आदराने गिळायचे. निघायच्या वेळी दोघे जण फिओनाच्या व्हॅनमध्ये बसले, तिसऱ्याने हेल्मेट उलटं घातलं, आणि मीनलकाकू एका मेंढीशी मराठीत बोलत होती. थुंकणारी माणसं सबंध टेबलावर दोनच होती. मी थुंकत होते कारण मी कामावर होते. आणि बाबा थुंकत होते. मी मान वळवून, पदर नसताना पदराआड गेल्यासारखी थुंकायची, आणि वर बघायची तोवर दुसऱ्या बाजूने बाबा मान वळवून थुंकत असायचे, त्याच बादलीत. इतका संकोच मला लग्नाच्या मांडवातही झाला नव्हता. हृदयाचं दुखणं असलेला माणूस जपणारच, असं मी मनाशी म्हटलं.

रात्री नीलचा फोन आला. मी सराईच्या अंगणात जाऊन बोलले. "बाबा कसा आहे?" "बरे आहेत. सिया?" "शी इज फाइन. जेवला, झोपला." "कुठल्या कुशीवर?" "कस्तुरी. शी इज फाइन." घर जळालेल्यांसाठीचा तो आवाज. फोन ठेवून आत आले तर बाबा पॅसेजमध्ये फोनवर होते, मला बघताच ते मोठ्याने म्हणाले, "हो हो, हवा छान आहे," आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रॉमनी मार्शमध्ये शिरलो. मार्श म्हणजे सपाट, इतकं सपाट की पुढचं चर्च अर्धा तास तसंच पुढे राहतं. दोन्ही बाजूंनी पाण्याने भरलेले चर, त्यांत बोरू, पलीकडे मेंढ्या. बॅटरीवाली मंडळी आदल्या दिवशीचं डोकं धरून का होईना, भराभर पुढे निघून गेली. रस्त्यावर आम्ही दोघंच. आणि बाबा हळू व्हायला लागले. सुरुवातीला थोडेसेच. मी म्हटलं, दमले. सासऱ्यांच्या अगदी अंगावर जाऊ नये म्हणून मीही हळू झाले. त्यांनी मान जराशी मागे वळवली आणि आणखी हळू झाले. मी ब्रेकवर बोट ठेवलं. हाक मारावी तर नीलला दिलेला शब्द. न मारावी तर... ते खांदे वरखाली होत होते ते धाप लागून की वाऱ्यानं? उजवा वर गेला. खाली आला. मग ती थांबण्याची जागा आली. मी तिच्यात उभी राहिले, सायकलवर. बाबा आणखी हळू. मी आणखी हळू. मागून एक ट्रॅक्टर आला, थोडा वेळ आमच्या मागे घुरघुरला आणि गवतावरून चाक घालून आम्हाला ओलांडून गेला. आतल्या माणसाने आमच्याकडे मिरवणुकीकडे बघावं तसं बघितलं. एक मेंढी कुंपणापलीकडून आमच्याबरोबर चालत होती, तीसुद्धा पुढे निघून गेली. मी मनात नीलशी बोलत होते, आईंशी बोलत होते, माझ्यावर सोपवलेलं एवढं एक माणूस मला सांभाळता आलं नाही हे त्यांना सांगत होते, आणि हँडल डावीउजवीकडे लटपटत होतं. सायकल चालत राहायला थोडा तरी वेग लागतो, हे मी शाळेत असताना शिकले होते. बाबाही शिकले असणार. आम्ही दोघंही, मला वाटतं एकाच क्षणी, उभ्या उभ्या बाजूला कललो आणि पडलो.

ते चराच्या काठच्या बोरूत पडले, मी रस्त्याच्या बाजूला. लागलं काहीच नाही. त्या वेगाने माणसाला लागत नाही. पण मी सायकलखालून पाय ओढून काढला, गुडघ्यांवर सरपटत गेले आणि त्यांचं मनगट धरलं. नाडी सापडेना. सापडेना कारण त्यांचा हात हलत होता. आणि तो हलत होता कारण त्यांनी माझं मनगट धरलं होतं. आम्ही दोघं रॉमनी मार्शच्या चिखलात बसून एकमेकांच्या नाड्या बघत होतो.

"तुम्ही माझं काय बघताय?" मी विचारलं.

"तू माझं काय बघतेस?"

"नीलने सांगितलंय."

"मलाही नीलनंच सांगितलंय," बाबा म्हणाले. "तू मागे पडायला लागलीस म्हणून मी हळू झालो. मला वाटलं तुला चक्कर येतेय."

"तुम्ही हळू झालात म्हणून मी मागे पडले!"

बाबांनी माझं मनगट सोडलं. त्यांच्या चष्म्याच्या एका काचेवर शेवाळ होतं. "माझा स्टेंट उत्तम आहे," ते सावकाश म्हणाले, "कार्डिऑलॉजिस्टनं सायकल चालवा म्हणून स्वतः सांगितलंय. नीलला माहितीय ते. तो मला म्हणाला, कस्तुरी झोपत नाही, तिला घराबाहेर काढायचंय, तुम्ही नजर ठेवा, पण तिला कळू देऊ नका." आणि मग, चष्म्यावरचं शेवाळ पुसत, "गाढव आहे. पण हुशार गाढव आहे. एका पॉलिसीत दोन माणसं घातली."

मला हसू यायला हवं होतं. घशापर्यंत आलंही. पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं आणि ते आधी पोचलं. म्हणजे मी पहारेकरी नव्हतेच. मी पेशंट होते. वॉशिंग मशीनच्या खोलीत मी उंच झाले होते ती उंची आता पायांतून चिखलात उतरत असल्यासारखी वाटली. घरात ते सगळे बसून ठरवत असतील, हिच्यापासून सियाला चार दिवस लांब ठेवू या. आई म्हणाल्या असतील, असू दे. मी सायकल उचलली आणि निघाले. या खेपेला मी पुढे होते, माझ्या चड्डीवर मागे हातभर चिखल होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मागून बाबांच्या साखळीचा आवाज येत होता, ना जवळ, ना लांब. एकदा ते ओरडले, "डावीकडे, अगं, डावीकडे!" मी सरळ जात होते, ती डावीकडे वळले.

त्या दिवशीचा मळा मार्श संपून जमीन वर चढते तिथे, उतारावर होता. वेलींच्या रांगा खालपर्यंत गेलेल्या, त्यांच्या शेवटाला समुद्र. मंडळी आत बादलीभोवती जमली होती, दीनानाथकाकांचा आवाज ऐकू येत होता, "काल जे झालं ते झालं, आज थोडं थोडं थुंकू या." मी बाहेर गवतावर बसले. बाबा दोन पेले घेऊन आले, एक माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी, पण अंतर ठेवून, बसले. मी पेल्याला हात लावला नाही.

"बाबा, तुम्हालाही वाटतं का की मला वेड लागलंय?"

त्यांनी लगेच नाही म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. ते म्हणाले, "रात्री तू काय बघत बसतेस?"

"श्वास."

"हं. मीही सगळी नोकरी तेच केलं. सर्जन कापायचे, नर्स धावायच्या, आणि मी माणसाच्या डोक्याशी बसून तो श्वास घेतोय का ते बघायचो. त्याचे मला पैसे मिळायचे आणि लोक मला थँक्यू म्हणायचे." त्यांनी घोट घेतला. थुंकले नाहीत. "पण एक होतं. आमच्यात हँडओव्हर दिल्याशिवाय खोलीतून हलायचं नाही. दुसरा येणार, त्याला आपण सगळं सांगणार: कोण पेशंट, काय झालं, काय चाललंय, आणि आपल्याला कशाची काळजी वाटतेय. तो म्हणणार, घेतलं. मग आपण बाहेर पडायचं. मग आपल्याला झोप येते. त्याआधी नाही येत, कुणालाच. तू सियाचा हँडओव्हर कुणाला दिलास?"

"नील म्हणाला ना, आय हॅव गॉट हर."

"त्यानं काय घेतलंय हे त्याला माहितीय का? ऐकून न घेता घेतलं म्हणणाऱ्याला आम्ही ऑपरेशन थिएटरमधून हाकलायचो. लाव फोन."

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. नील म्हणाला, "बाबा ओके आहे ना?" आणि बाबा माझ्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाले, "बाबा चिखलात पडले होते, आणि दोन्ही पहारेकऱ्यांना सगळं कळलंय. आता गप्प बस आणि ऐक." नीलच्या मागे कुठेतरी आई विचारत होत्या, काय झालं, आणि सिया चमचा कशावर तरी आपटत होती. "सांग," बाबा मला म्हणाले, "पेशंट कोण?" मला इतकं खुळ्यासारखं वाटलं. "सिया," मी म्हटलं. "पुढे." मी सांगायला लागले. की ती आधी डाव्या कुशीवर झोपते आणि मग स्वतःच उजवीकडे वळते. की झोप लागताना ती कुरकुरते ते रडणं नसतं. की पहाटे तिचं नाक वाजतं, त्यात काही नाही. नील "ओके, ओके" म्हणत होता, आणि हळूहळू त्याच्या ओकेतून ते जळालेलं घर नाहीसं होत गेलं. "आता तुझी काळजी सांग," बाबा समुद्राकडे बघत म्हणाले, "तेच मुख्य असतं, आणि तेच लोक सांगायचं टाळतात."

मी वेलींकडे बघितलं. कुणीतरी प्रत्येक वेलीला तारेशी बांधून ठेवलं होतं, मऊ दोऱ्याने, काचू नये असं. मी म्हटलं, "एका श्वासानंतर ती थोडी थांबते, नील. प्रत्येक वेळी थांबते. मला वाटतं, त्या वेळी कुणी बघत नसलं तर पुढचा येणारच नाही. मला वाटतं, तो मीच ओढून आणते." इतकं बोलले आणि फोन लांब धरला, कारण आता तो शी इज फाइन म्हणणार होता.

पण नील म्हणाला, "आज मी तिच्या रूममध्ये झोपतो. फ्लोअरवर. मी बघतो. तू ओढू नको. सियाला मी घेतला."

"घेतलं," बाबा म्हणाले.

"घेतलं," नील म्हणाला.

मी फोन गवतावर ठेवला. बाबांनी तो उचलून आपल्या पाठीमागे, माझा हात पोचणार नाही असा ठेवला आणि पेला माझ्याकडे सरकवला. वाइन आंबट होती, थंड, आणि नाकात बुडबुडे जात होते. माझ्या खांद्यांत काहीतरी सुटलं, आधी उजव्या, मग डाव्या. मी म्हटलं, "पाच मिनिटं नुसते डोळे मिटते," आणि आडवी झाले. गवत कोमट होतं. फिओनाची पावलं आली. तिने विचारलं, ही ठीक आहे ना, अजून बराच रस्ता जायचाय. बाबा त्यांच्या हॉस्पिटलातल्या इंग्रजीत म्हणाले, "शी इज ऑफ ड्यूटी. यू कॅरी ऑन." दीनानाथकाका कुठूनसे म्हणाले, "शशी, सुनेला पाजलीस की काय रे?" आणि बाबा म्हणाले, "श्श." सासऱ्यांच्या समोर असं पाय पसरून पडू नये, हे मला चांगलं कळत होतं. उठावं, कुडता नसला तरी निदान पाय जवळ घेऊन नीट बसावं, असं मी अगदी मनापासून ठरवत होते, आणि ठरवता ठरवताच माझं तोंड उघडं पडलं असावं.